खडकाच्या पोटातील पोकळी

भुईमुगाची रास पुढ्यात पडलेली असली म्हणजे पोचट शेंग कोणती आणि भरलेली कोणती, हे पाहण्यासाठी प्रत्येक शेंग फोडावी लागत नाही. हातात घेतली की कळते. सुपात धान्य घेऊन पाखडणारी बाई तर शेकडो दाण्यांचा निवाडा एका झटक्यात करते. भरीव दाणा सुपात राहतो, पोचट पुढे जाऊन पडतो. यातले मर्म एवढेच, की आकार तोच असून वजन कमी भरले तर आत कोठेतरी पोकळी आहे.

आज जी हकीकत सांगायची आहे ती याच मर्माची. फरक इतकाच की शेंगेच्या जागी खडक आहे आणि तो हातात घेता येत नाही. कधी शंभर, तर कधी दोन-तीन हजार मीटर खोल तो गाडलेला असतो. अशा खडकाचे वजन माणूस वर उभा राहून कसे करू लागला, त्यावरून आतली पोकळी कशी काढू लागला आणि त्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे आपण क्रमाने पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. जमिनीखाली पाण्याची नदी वाहते, किंवा तेलाचे तळे साचलेले असते, अशी कल्पना पुष्कळांची असते. चुनखडीच्या प्रदेशात गुहांतून वाहणारे प्रवाह सापडतात, नाही असे नाही. पण बहुतेक ठिकाणी पाणी काय नि तेल काय, खडकाच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत भरलेले असते. पाण्याने भिजलेली वीट डोळ्यांपुढे आणा. वीट घट्ट दिसते, पण बादलीत टाकली की पाणी पिते. खडकाच्या एकूण आकारमानापैकी शेकडा किती भाग असा रिकामा आहे, त्याला सच्छिद्रता म्हणतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. एक लिटरचे माप घ्या. त्यात धुऊन कडकडीत वाळवलेली नदीची वाळू ठोकून भरा. तिचे वजन साधारण १.६ किलो भरेल. आता त्या वाळूत हळूहळू पाणी ओता. माप भरलेले दिसत होते, तरी त्यात जवळजवळ ४०० मिलिलिटर पाणी मावते. म्हणजे सुमारे ४० टक्के जागा रिकामी होती. आता ओल्या वाळूचे वजन करा. ते सुमारे २ किलो भरेल. मुलांना हे तिन्ही आकडे फळ्यावर लिहायला सांगा, कारण पुढे ते आपल्याला लागणार आहेत.

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे ऑगस्ट १८५९ मध्ये एडविन ड्रेक याच्या विहिरीला सुमारे ७० फुटांवर तेल लागले. आपल्याकडे आसामात दिग्बोई येथे १८८९ साली तेल लागले. तेलासाठी विहिरी खणण्याचा धंदा वाढत गेला. पण विहीर खणणाऱ्याला खाली काय आहे याचा अंदाज कशावरून येई? वर येणाऱ्या चुऱ्यावरून. चुरा खोलवरून वर येईपर्यंत वेगवेगळ्या थरांची भेसळ होई. दुसरा उपाय म्हणजे पोकळ दातेरी नळीने खडकाचा उभा गाभा कापून वर काढणे. तो प्रयोगशाळेत नेऊन तोलता येतो, त्यातली पोकळी खरोखर मोजता येते. पण गाभा काढण्याला वेळ फार लागतो, खर्च फार येतो, आणि नेमका ठिसूळ, सच्छिद्र भागच पुष्कळदा तुटून हरवतो.

यातून वाट काढली ती फ्रान्समधल्या दोघा भावांनी. थोरल्याचे नाव कॉनराड श्लुंबर्जे, धाकट्याचे मार्सेल. कॉनराड पॅरिसच्या खाणविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असत. जमिनीत विजेचा प्रवाह सोडला तर निरनिराळ्या खडकांतून तो निरनिराळ्या रीतीने जातो, हे ओळखून त्यांनी १९१२ साली नॉर्मंडीत आपल्या घराण्याच्या जागेवर जमिनीची मोजणी करून पाहिली. त्या वेळी त्यांचा डोळा धातूंच्या खाणींवर होता. पुढे तीच युक्ती विहिरीत आडवी न वापरता उभी वापरावी असे ठरले. ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सास प्रांतात पेशेलब्रॉन येथील एका तेलविहिरीत कॉनराड यांचे जावई आंरी दॉल आणि त्यांचे दोन सहकारी यांनी दोरासारखी लांब तार सोडली. एकेका मीटरवर थांबायचे, विजेचा रोध मोजायचा, वहीत लिहायचा, पुन्हा पुढे जायचे. त्या आकड्यांची जी वेडीवाकडी रेघ कागदावर उमटली, ती जगातली विहिरीची पहिली विद्युत नोंद. विहिरीच्या अशा नोंदीला तेलाच्या धंद्यात ‘लॉग’ म्हणतात. फ्रेंच लोकांनी आरंभी तिला ‘विजेचा गाभा’ अशा अर्थाचे नाव दिले होते. नाव अगदी सार्थ. खडक खालीच राहिला आणि त्याची साक्ष वर आली.

या शोधाचा एक धागा आपल्या शिवारापर्यंत येतो. भूजलाची पाहणी करणारे लोक एका रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकतात, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये तिचा दाब मोजतात. हे तुम्ही कदाचित गावात पाहिले असेल. खुंट्यांच्या त्या मांडणीला श्लुंबर्जे यांचेच नाव आहे.

पण विजेच्या साक्षीत एक अडचण होती. कोरडा, घट्ट खडक विजेला अडवतो, आणि तेल भरलेला सच्छिद्र खडकही अडवतो. मग दोहोंत भेद कसा करायचा? अमेरिकेत शेल कंपनीत काम करणारे गस आर्ची यांनी १९४२ साली विजेचा रोध, सच्छिद्रता आणि छिद्रांतले पाणी यांची सांगड घालणारे सूत्र प्रसिद्ध केले. आजही विद्यार्थी ते शिकतात. परंतु ते सूत्र वापरून तेल किती हे काढायचे, तर सच्छिद्रता आधी ठाऊक पाहिजे. म्हणजे घोडे पुन्हा त्याच जागी अडले. सच्छिद्रता सांगणारा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार हवा होता.

तो साक्षीदार आला पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून. अमेरिकेत सेंट लुइस येथे आर्थर कॉम्प्टन क्ष-किरणांवर प्रयोग करीत होते. १९२३ साली त्यांनी दाखवून दिले की असा किरण पदार्थातल्या इलेक्ट्रॉनवर आदळला म्हणजे गोटीवर गोटी आपटावी तसा दिशा बदलतो आणि आपली काही शक्ती गमावतो. याबद्दल त्यांना १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या वर्षी पेशेलब्रॉनच्या विहिरीत तार सोडली गेली, तेच हे वर्ष. दोन्ही गोष्टी पुढे एकाच विहिरीत एकत्र येणार आहेत, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

त्या एकत्र कशा आल्या ते पाहा. गॅमा किरण हे क्ष-किरणांचेच जास्त शक्तिमान भाऊबंद. सीझियम-१३७ नावाच्या द्रव्यातून ते सतत बाहेर पडतात. विहिरीत सोडण्याच्या यंत्राच्या एका टोकाला या द्रव्याची लहानशी कुपी बसवतात. काही अंतरावर किरण मोजणारे उपकरण असते, आणि किरण सरळ तिकडे जाऊ नयेत म्हणून मध्ये जड धातूची आड भिंत. आता किरणांना एकच वाट उरते, ती खडकातून. ते खडकात शिरतात, इलेक्ट्रॉनवर आपटतात, वळतात, पुन्हा आपटतात. खडक दाट असेल तर बहुतेक किरण वाटेतच संपतात आणि मोजणाऱ्याकडे थोडे पोचतात. खडक पोकळ असेल तर जास्त पोचतात. गर्दीच्या बाजारातून पलीकडे जायला माणसाला जड जाते आणि मोकळ्या बाजारातून तो सहज जातो, तसाच हा प्रकार.

म्हणजे यंत्र मोजते ते इलेक्ट्रॉनची दाटी. पण खडकांत आढळणाऱ्या बहुतेक मूलद्रव्यांत इलेक्ट्रॉनची संख्या अणुभाराच्या जवळजवळ निम्मी असते. त्यामुळे इलेक्ट्रॉनची दाटी कळली की घनता कळते. हायड्रोजन तेवढा याला अपवाद आहे, आणि पाण्यात हायड्रोजन असल्यामुळे हिशेबात लहानशी दुरुस्ती करावी लागते.

१९५० नंतरच्या दशकात अशी यंत्रे विहिरींत उतरू लागली. पण आरंभी मोजणारे उपकरण एकच असे. विहीर खणताना तिच्यात पातळ चिखल फिरवत ठेवतात. त्याचा लेप भिंतीवर बसतो. यंत्र भिंतीला टेकले तरी मध्ये हा लेप असे आणि तो हलका असल्यामुळे खडकही हलका भासे. जिथे पोकळी नाही तिथे पोकळी दिसे! यावर उपाय म्हणून एक उपकरण जवळ आणि दुसरे दूर, अशी दोन बसवण्यात आली. जवळचे उपकरण लेपाने जास्त फसते, दूरचे कमी फसते. दोघांच्या सांगण्यात फरक किती पडतो, यावरून लेपाची लबाडी ओळखून वजा करता येते. या दुहेरी यंत्राची माहिती वॉल, टिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. पुढची यंत्रे पुष्कळ सुधारली, पण मूळ रचना हीच राहिली.

आता फळ्यावरचा हिशेब करू. नदीच्या वाळूचा दाणा बहुतांशी गारेचा असतो. त्याची घनता, म्हणजे एका घन सेंटीमीटरचे वजन, २.६५ ग्रॅम. पाण्याची घनता १. आपल्या ओल्या वाळूची घनता सुमारे २. नियम असा: दाण्याच्या घनतेतून मोजलेली घनता वजा करा, दाण्याच्या घनतेतून पाण्याची घनता वजा करा, पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. २.६५ वजा २ म्हणजे ०.६५. २.६५ वजा १ म्हणजे १.६५. भागाकार आला ०.३९, म्हणजे ३९ टक्के. पाणी ओतून आपल्याला मिळाले होते ते जवळजवळ हेच. शाळेच्या ओट्यावर केलेला हिशेब आणि तीन हजार मीटर खोल विहिरीतला हिशेब यांत काडीचाही फरक नाही.

मात्र इथेच सावध राहिले पाहिजे. समजा, यंत्राने एका थराची घनता २.३२ सांगितली. थर वालुकाश्माचा असेल तर दाण्याची घनता २.६५ धरायची, आणि उत्तर येते २० टक्के. पण थर चुनखडीचा असेल तर २.७१ धरावे लागते, उत्तर येते सुमारे २३ टक्के. डोलोमाइट नावाचा दगड असेल तर २.८७ धरायचे, आणि उत्तर जाते २९ टक्क्यांवर. यंत्र तेच, माप तेच, उत्तरे तीन! यंत्राने खोटे सांगितले नाही. त्याने फक्त घनता सांगितली. दगड कोणता, हे माणसाने घातलेले गृहीत होते.

हा फरक किरकोळ समजू नका. एक चौरस किलोमीटर विस्ताराचा आणि दहा मीटर जाडीचा थर घ्या. त्याचे आकारमान एक कोटी घनमीटर. सच्छिद्रता २० टक्के असेल तर २० लाख घनमीटर जागा. २९ टक्के असेल तर २९ लाख. नऊ लाख घनमीटरचा, म्हणजे ९० कोटी लिटरचा फरक केवळ दगडाचे नाव चुकल्याने पडतो. त्या आकड्याच्या भरवशावर पुढच्या विहिरी खणायच्या की नाही, पैसा घालायचा की नाही, हे ठरत असते.

दुसरा धोका वायूचा. छिद्रांत पाण्याऐवजी वायू असेल तर खडक आणखी हलका लागतो आणि पोकळी आहे त्याहून मोठी भासते. यावर तोड निघाली ती आणखी एका साक्षीदाराची. रोम येथे एन्रिको फर्मी यांच्या हाताखाली तयार झालेले ब्रूनो पाँटेकॉर्व्हो हे इटालियन शास्त्रज्ञ १९४० साली जर्मन फौजा पॅरिसवर आल्या तेव्हा तिथून निसटले आणि अमेरिकेत टल्सा गावी तेलाच्या धंद्यात काम करू लागले. १९४१ साली त्यांनी विहिरीत न्यूट्रॉन सोडून खडक पारखण्याची रीत मांडली. न्यूट्रॉनचा वेग सर्वांत जास्त कमी करतो तो हायड्रोजन. म्हणून ही रीत छिद्रांतल्या पाण्याचा किंवा तेलाचा माग लावते. वायूत तेवढ्याच जागेत हायड्रोजन थोडा, म्हणून इथे पोकळी कमी भासते. घनतेची नोंद म्हणते पोकळी जास्त, न्यूट्रॉनची नोंद म्हणते कमी. कागदावर दोन रेघा एकमेकींना ओलांडून जातात, आणि जाणकार म्हणतो, इथे वायू आहे. दोन साक्षीदारांचे जमले नाही, त्यातूनच खरे बाहेर पडले.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरही या विद्येला मोठे काम मिळाले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’वरून खणलेल्या विहिरीला तेल लागले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेच मुंबई हाय. तिथले मुख्य तेल चुनखडीच्या थरांत आहे. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० साली तेल सापडले होते ते वालुकाश्मात. एका ठिकाणचे गृहीत दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाही, हे त्या दोन नावांवरूनच ध्यानात येईल.

आणि आपल्या घाटावरच्या, देशावरच्या काळ्या कातळाचे काय? हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक. घट्ट कातळाची घनता साधारण २.९ च्या पुढे असते. समजा, एखाद्या थराची मोजलेली घनता २.७५ आली आणि कोणी वाळूचे २.६५ धरून गणित केले, तर पोकळी शून्याच्याही खाली जाते! दाण्यासाठी २.९५ धरले तर तीच पोकळी १० टक्के येते. उत्तर अशक्य आले तर गृहीत तपासावे, हा धडा मुलांना देण्यास याहून चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही.

कातळाची आणखी एक खुबी आहे. ज्याला आपल्याकडे मांजऱ्या खडक म्हणतात, त्यात लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे राहून गेल्याने भोकेच भोके असतात. पण ती एकमेकांना जोडलेली असतीलच असे नाही, आणि पुष्कळ भोके पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली असतात. पोकळी असूनही पाणी हलत नाही. उलट, भेगाळलेल्या कातळात पोकळी थोडी असूनही विहिरीला चांगला झरा लागतो. पाणी किती मावते हा एक प्रश्न, आणि ते विहिरीकडे वाहत येते की नाही हा दुसरा. घनतेची नोंद पहिल्याचे उत्तर देते, दुसऱ्याचे देत नाही.

कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे २०१७ साली सुमारे तीन किलोमीटर खोल विहीर पुरी झाली, तेव्हा काळा कातळ सुमारे सव्वा किलोमीटर जाड भरला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. अशा विहिरीत गाभा आणि यंत्रांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवता येतात. यंत्राचे सांगणे खडकाशी ताडून पाहता येते.

तुम्ही म्हणाल, आमच्या शेतातल्या बोअरमध्ये हे यंत्र कोण सोडणार? सहसा कोणीही नाही. ते महाग आहे, त्यातले किरणोत्सर्गी द्रव्य परवानगीशिवाय कोणाला हाताळता येत नाही, आणि ते विहिरीत अडकून बसले तर काढण्यासाठी फार खटाटोप करावा लागतो. पण त्याच्या इतिहासातली शिकवण शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे. बोअर घेण्यासाठी कर्ज काढले जाते. बोअर कोरडे गेले तरी हप्ते चुकत नाहीत. म्हणून कोणी येऊन ‘दोनशे फुटांवर पाणी आहे’ असे सांगितले, मग तो नारळ हातावर ठेवणारा पाणाड्या असो की यंत्र घेऊन आलेला माणूस असो, त्याला न संकोचता तीन प्रश्न विचारा. तुम्ही नेमके काय मोजले? त्यावरून पाणी आहे असे म्हणताना काय गृहीत धरले? आणि याच गृहीतावर शेजारच्या विहिरींना काय लागले? ज्याने खरोखर मोजले आहे, तो या प्रश्नांना रागावणार नाही.

शेजारच्या विहिरीत कोणता थर किती फुटांवर लागला, मुरूम कोठे संपला, मांजऱ्या कोठे लागला, गेरूचा तांबडा थर कोठे आला, पाणी कोणत्या खोलीवर फुटले, हे एका वहीत लिहून ठेवा. गावच्या शाळेने ही वही सांभाळली तर फार उत्तम. पेशेलब्रॉनच्या विहिरीवर आंरी दॉल यांनी तरी वेगळे काय केले होते? एकेका मीटरवर थांबून जे आढळले ते इमानाने लिहून ठेवले. गावातल्या पाचपन्नास विहिरींची अशी नोंद एका जागी जमली, तर पुढच्या बोअरला खर्च करणाऱ्याला ती नक्कीच उपयोगी पडेल.